सहा पॉइंट नऊनंतरचा आकडा

हे मी लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. कम्प्युटरमधल्या लिनक्स कर्नेलला नंबर कसे मिळतात हे माझ्यापेक्षा नीट सांगणारे पुष्कळ आहेत, आणि मराठी माझ्यापेक्षा नीट लिहिणारे त्याहून जास्त. माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी आम्ही घरात बोललो, लिहिली कधी नाही. अजूनही एखादं वाक्य लिहून झालं की ते मराठी आहे की मराठी कपडे घातलेली हिंदी आहे, हे मला दोनदा वाचून बघावं लागतं. म्हणून जे चुकेल त्याची माफी आधीच मागतो. लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की या नंबरांबद्दल मला जे समजलं ते काकांच्या जागेपायी समजलं, आणि ती हकिगत सांगणारं आमच्या घरात दुसरं कोणी नाही.

आमचं गाव इच्छापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. वडील केळी आणि कापूस करतात. काका वडिलांहून मोठे, पण आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणत आलो. ते रस्त्यावरच्या केळीच्या शेडमध्ये काट्यावर बसतात. शेतकरी माल आणतात, घड लोखंडी गाड्यावर रचून काट्यावर ढकलले जातात, काका वजन मोठ्याने पुकारतात आणि शेजारी बसलेले मुनीम ते कम्प्युटरमध्ये टाकतात. काकांनी पुकारलेल्या वजनावर सहसा कोणी वाद घालत नाही. ते आकडा कधी सरळ सांगत नाहीत. सव्वाचार क्विंटल, साडेसहा, पावणेसात, आणि वर किलो उरले तर "पावणेसात वर पाच". ऐकणाऱ्याला ते कळतं, कारण ऐकणारा त्याच भाषेत विचार करत असतो.

मी बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात आहे, बीएस्सी कम्प्युटर, शेवटचं वर्ष. लालबागेत दोन मित्रांबरोबर खोली घेतली आहे. घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं शिक्षण कसं मोजायचं हे घरच्यांना ठाऊक नव्हतं. फर्स्ट इयर, सेकंड इयर हे त्यांच्या तोंडात बसत नाही. बारावीनंतर तेरावी, मग चौदावी, असं त्यांनी सरळ पुढे मोजत नेलं. फक्त पहिल्या वर्षी काका कोणी विचारलं की "बारावीच्या पुढच्या वर्गात" असं सांगायचे. मी एकदा म्हटलं, सरळ तेरावी म्हणा ना. तर म्हणाले, "पोरा, तू धडधाकट असताना तुझं तेरावं कशाला घालू?" आता मी त्यांच्या हिशेबात पंधरावीला आहे.

मागच्या वर्षी शेडच्या शेठनी नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. जुना काटा दांडीचा होता, त्या दांडीवरून काकांना वजन डोळे मिटूनही सांगता आलं असतं. नव्या काट्याला एक डबा आहे आणि त्यावर लाल आकडे पेटतात. पत्र्याखाली दुपारचा उजेड असा येतो की त्या आकड्यांत सहा, आठ आणि नऊ एकमेकांसारखे दिसतात. काकांची नजर तशीही उतरली होती. एका शेतकऱ्याच्या मालाला त्यांनी आठच्या जागी सहा पुकारला. शेतकऱ्याने स्वतः वाकून बघितलं, वजन दुरुस्त झालं, कोणाचं नुकसान झालं नाही. पण त्या दिवसापासून लोक काट्याजवळ येऊन वाकायला लागले.

शेठ वाईट माणूस नाही. त्यांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी त्या दिवशी तिथेच होतो.

"भाऊ, राग मानू नका. नजर आता पहिल्यासारखी नाही."

"राग कशाचा, शेठ. आहे ते आहे."

"या डब्याला तार आहे. कम्प्युटरला लावली की वजन आपोआप पडद्यावर येतं म्हणे, मोठ्ठ्या अक्षरात. ते झालं तर तुम्हीच बसा, जोपर्यंत बसवेल तोपर्यंत. नाही झालं तर मोठी आवक सुरू झाली की मी भाच्याला बसवीन. तुम्ही गेटवर बसा, गाड्या बघा."

काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा पंधरावीला आहे. हा करेल."

शेडच्या कम्प्युटरवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, मीच टाकून दिलं होतं. तो इतका जुना होता की दुसरं काही त्यावर चालत नव्हतं. मी तार लावली. काही झालं नाही. कम्प्युटरला तार दिसत होती, डब्यातून वजन येत नव्हतं.

इथे थोडं सांगावं लागेल. कर्नेल म्हणजे कम्प्युटरच्या आतला तो भाग, जो बाकीचे प्रोग्रॅम आणि बाहेरच्या वस्तू यांच्यामध्ये असतो. कीबोर्डवरची की दाबली, तार लावली, पडद्यावर अक्षर उमटलं, सगळं त्याच्या हातून जातं. प्रत्येक प्रकारच्या वस्तूशी कसं बोलायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. आमच्या काट्याच्या डब्यात जी चिप होती ती एका नावाजलेल्या चिपची नक्कल होती. कर्नेल तिला खऱ्या चिपला विचारायचं तोच प्रश्न विचारायचं, तिला उत्तर यायचं नाही, आणि ती गप्प बसायची. मग कितीही वेळ थांबा. दुसरी तार घ्यावी म्हटलं तर चिप डब्याच्या आत होती, तारेत नाही.

हे शोधायला मला बरेच आठवडे लागले. कॉलेजात असं काही शिकवलं नव्हतं. शेवटी कर्नेलच्या त्या भागाची देखभाल जो माणूस करतो त्याचा पत्ता मिळाला. हा माणूस दूरच्या देशात राहतो, मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी त्याला इंग्रजीत मेल लिहिला. सुरुवात "रिस्पेक्टेड सर" अशी केली, शेवटी "युअर्स ओबिडिएंटली" लिहिलं, जसं शाळेत सुट्टीच्या अर्जात लिहायचो. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. त्यात नुसतं "हाय" होतं आणि खाली एक छोटा बदल जोडलेला. हा बदल करून बघ आणि चालतं का ते सांग, एवढंच लिहिलेलं.

मी माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवर तो बदल घालून कर्नेल बनवलं. लॅपटॉप दिवसभर तापत राहिला, रूममेट त्यावर हात शेकून घेत होता. मग तो लॅपटॉप घेऊन शेडला गेलो, डब्याची तार त्याला लावली, आणि पडद्यावर वजन आलं. काकांनी काट्यावर पाय ठेवला, वजन बदललं. पाय काढला, परत शून्य. त्यांनी असं बऱ्याच वेळा केलं.

मला वाटलं काम झालं. हेच कर्नेल शेडच्या कम्प्युटरवर टाकू म्हणून शेठना विचारलं.

"कोणी बनवलं हे?" शेठ म्हणाले.

"बदल त्या परदेशी माणसाचा. बनवलं मी. घरी."

"म्हणजे लोकल माल."

"नाही शेठ, तेच आहे, फक्त..."

"बेटा, या कम्प्युटरमध्ये सगळी बिलं आहेत. यात घरी बनवलेलं काही नको. कंपनीचं येऊ दे, शिक्क्याचं. आलं की टाक."

कर्नेलची तशी कंपनी नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं अगदी चूकही नव्हतं. मी बनवलेलं कर्नेल बिघडलं असतं तर दुरुस्त करायला मीच, आणि मी लालबागेत. मी परत मेल केला, चालतंय असं कळवलं, आणि विचारलं की हा बदल सगळ्यांना केव्हा मिळेल. उत्तर आलं: सहा पॉइंट नऊमध्ये आता घेता येणार नाही, सहा पॉइंट दहाच्या खिडकीत घालतो.

ही खिडकी काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घ्यावं लागलं. त्याआधी माझा असा समज होता की कर्नेलमध्ये काही मोठं काम झालं की त्याला नवा नंबर मिळतो, आणि फार मोठं झालं की पहिला आकडा बदलतो. कॉलेजात मी एका प्रेझेंटेशनमध्ये तसं सांगितलंही होतं. ते तसं नाही. नंबर कामावरून पडत नाही, वेळेवरून पडतो. एक आवृत्ती निघाली की साधारण दोन आठवडे खिडकी उघडी असते. त्या वेळात सगळीकडून तयार झालेलं नवं काम आत घेतात. मग खिडकी बंद. त्यानंतर जे येतं त्याला त्या आवृत्तीचा नंबर आणि पुढे आरसी-एक, आरसी-दोन असं शेपूट लावून दर रविवारी काढतात. या काळात फक्त चुका काढायच्या, नवीन काही घ्यायचं नाही. सातव्या आठव्या शेपटापर्यंत गाडी ठीक चालायला लागली की शेपूट कापतात आणि नुसता नंबर देतात. तो पक्का. त्यात तुमचं काम असो वा नसो, गाडी निघते. राहिलात तर पुढच्या गाडीने.

मी हे काकांना ओट्यावर बसून सांगत होतो. त्यांनी पाय पसरले होते आणि काकू त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होत्या.

"म्हणजे रविवारी निघतो."

"हो, रविवारीच."

"इतवाऱ्याच्या बाजारासारखं. आणि ते आरसी म्हणजे?"

"म्हणजे, जवळजवळ तयार. पण अजून चुका काढायच्या बाकी."

"घड धरलाय पण भरला नाही," काका म्हणाले. "कापून उपयोग नाही."

"तसंच काहीसं."

"मग शेठला सांग ना, घड भरतोय म्हणून."

काकू म्हणाल्या, "डोळा उघडा ठेवा आधी. बोलताय काय."

ते महिने असे गेले. मी दर रविवारी बघायचो. सहा पॉइंट नऊचं पाचवं शेपूट, सहावं, सातवं. मग नुसतं सहा पॉइंट नऊ. शेडच्या कम्प्युटरसाठी तेही मिळायला लागलं, पण आमचं काम त्यात नव्हतं म्हणून मी ते टाकलं नाही. काकांना मात्र ते समजावताना अवघड गेलं. नवं आलं म्हणतोस आणि वजन येणार नाही म्हणतोस. मी म्हटलं, आपला नंबर याच्या पुढचा. ते म्हणाले, पुढचा म्हणजे सात. मी म्हटलं नाही, सहा पॉइंट दहा. त्यांनी मान हलवली. ती कशासाठी हलवली हे मी विचारलं नाही.

पहिल्या आकड्याबद्दल मी नंतर वाचलं ते इथे लिहितो, कारण मला ते आवडलं. पूर्वी दुसऱ्या आकड्याला अर्थ होता. तो सम असेल तर आवृत्ती वापरायला पक्की, विषम असेल तर प्रयोगाची. ती पद्धत सोडून दिली. मग बराच काळ पहिले दोन आकडे तसेच ठेवून तिसराच वाढवत राहिले, तो फार मोठा झाल्यावर एक दिवस सरळ तीन पॉइंट शून्य केलं. आत विशेष काही बदललं नव्हतं. आता दुसरा आकडा एकोणीस-वीसपर्यंत गेला की पहिला एकने वाढवतात आणि दुसरा शून्यावर आणतात, मोजायला सोपं जावं म्हणून. बस. म्हणजे आमच्या घरात बारावीनंतर तेरावी मोजतात, आणि कॉलेजवाले त्याच वर्षाला फर्स्ट इयर म्हणतात. मुलगा तोच असतो, एका उन्हाळ्याने मोठा झालेला.

सहा पॉइंट दहा निघालं तेव्हा माझी सेमिस्टरची परीक्षा सुरू झाली होती. आमच्या शेडच्या कम्प्युटरवर एक पान आहे, त्यात मिळणाऱ्या कर्नेलांची यादी दिसते आणि हवं ते निवडता येतं. त्या यादीत सहा पॉइंट दहा यायला आणखी काही दिवस लागले. यादी बदलली, एवढंच शेठच्या भाच्याने मला फोनवर कळवलं. हा भाचा माझ्याच वयाचा. बारावीनंतर शिक्षण सोडून मामाकडे आला होता आणि शेडचं इंटरनेट, मोबाईल, कॅमेरे सगळं तोच बघतो. मी काकांना फोन केला.

"काका, आलंय. सहा पॉइंट दहा निवडा, खाली बटण आहे ते दाबा, झालं की कम्प्युटर बंद करून चालू करा. भाच्याला सांगा, तो करेल."

"सहा पॉइंट दहा."

"हो. नवं आहे ते."

"नवं ते घेतो."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता. "टाकलं बेटा नवं. बंद-चालू पण केलं. वजन येत नाही. राहू दे. शेठ म्हणाले, सोमवारपासून भाचा बसेल. तू पेपर नीट दे."

माझा दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता, त्याच्या पुढच्या दिवशी होता. मी सकाळची बस धरली. रस्त्यात सारखं वाटत होतं की मी तपासलं ते चुकीचं तपासलं, बदल खिडकीतून आत गेलाच नाही, किंवा त्या परदेशी माणसाला मी काहीतरी उलटं कळवलं. शेडमध्ये गेलो तर आवक सुरू झालेली. काका काट्यावर होते, भाचा शेजारी उभा होता, काम समजून घेत. मुनीम चहाला गेल्यावर मी कम्प्युटरवर बघितलं. सहा पॉइंट नऊ चालू होतं. यादीत सहा पॉइंट दहा होतं, पण टाकलेलं नव्हतं.

"हे सहा पॉइंट नऊ आहे," मी म्हटलं.

"हां," भाचा म्हणाला. "वही तो नया है."

"सहा पॉइंट दहा घ्यायचं होतं."

"अरे भाई, वो तो पुराना हुआ ना. दोनों सामने थे. चाचा ने भी देखा."

मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "तू सांगितलंस नवं घ्या. यादीत सहा-दहा होतं आणि सहा-नऊ होतं. सहा-दहा म्हणजे सव्वासहासुद्धा नाही. सहा-नऊ म्हणजे पावणेसातच्या वर गेलं. मोठं ते नवं. जे मोठं होतं ते ठेवलं."

भाच्याने मुद्दाम केलं असेल असं बसमध्ये माझ्या मनात येऊन गेलं होतं, ते मी लिहून ठेवतो. पण समोर दोघेही तेच म्हणत होते, आणि त्यांच्या काट्यावर ते खरंच होतं. त्या डब्यावर सहा पॉइंट दहा आलं तर ते सहा क्विंटल दहा किलो. सहा पॉइंट नऊ म्हणजे सहा क्विंटल नव्वद, त्याच्या कितीतरी पुढे. या शेडमधल्या कोणत्याही माणसाला विचारलं असतं तरी त्याने हेच उत्तर दिलं असतं.

"काका, यात नऊनंतर दहा येतात."

"नऊनंतर दहा सगळीकडेच येतात. पण पॉइंटच्या पुढे दहा म्हणजे एकच. शून्याला किंमत नाही."

"इथे आहे."

"पॉइंटच्या पुढच्या शून्याला?"

"तो पॉइंट नाहीच आहे."

"दिसतोय की. हा काय टिंब."

"टिंब आहे, पण पॉइंट नाही. म्हणजे..." मी अडकलो. हे मला मेलमध्ये, पानांवर, इतक्यांदा दिसलं होतं की ते समजावण्याची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं. मी वर्जन, मेजर, मायनर असले शब्द काढले आणि माझे मलाच ते लंगडे वाटले.

भाचा यादीकडे बघत होता. तो म्हणाला, "रुक. छह के बाद सात कब आता है?"

"एकोणीस-वीस झाले की."

"मतलब छह-ग्यारह, छह-बारह, ऐसे होगा?"

"हो. मागे पाच-एकोणीस झालं, मग सहा."

"तो लाइन और पेड़ है ये," तो म्हणाला. "चाचा, बाग में लाइन नंबर छह, पेड़ नंबर नौ. उसके आगे पेड़ नंबर दस. लाइन खतम, तो अगली लाइन. इतनी सी बात है."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ओळ आणि झाड. मग तसं सांगायचं ना. पॉइंट-पॉइंट कशाला करत बसलास चार महिने?"

"सगळे पॉइंटच म्हणतात, काका."

"सगळे काट्यावर बसत नाहीत."

भाचा हसला. मीही. मग एकाएकी त्याला आठवलं असावं की सोमवारपासून काट्यावर कोण बसणार आहे, कारण तो हसायचा थांबला आणि माउस माझ्याकडे सरकवून बाजूला झाला.

मी सहा पॉइंट दहा निवडलं. इंटरनेट भाच्याच्या मोबाईलवरून होतं आणि आवकीच्या वेळी त्या रस्त्यावर सगळेच फोनवर असतात. डाउनलोड सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. तेवढ्यात मुनीम आले, त्यांना बिलं काढायची होती. मी म्हटलं, मागे चालू राहू द्या, हात लावू नका. ते म्हणाले, कम्प्युटर हळू चाललाय. मी म्हटलं, आज एक दिवस. शेठ एकदा येऊन गेले, मला बघून म्हणाले, "परीक्षा नाही का रे?" आणि उत्तराची वाट न बघता गेटकडे गेले.

शेवटची बस माझ्यासाठी थांबणार नव्हती. डाउनलोड निम्म्याच्या पुढे गेलं होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशीचा पेपर मी सोडला असता. खरंच सोडला असता. काकांनी माझी बॅग उचलली आणि रस्त्यापर्यंत स्वतः आणली.

"तो पोरगा करेल बंद-चालू," ते म्हणाले.

"त्याला आठवण करून द्या."

"त्याच्या जागेचा सवाल आहे, त्याला कसा विसर पडेल."

मला ते ऐकून आणखीच काळजी वाटली. काकांच्या लक्षात आलं असावं. "वाईट नाही तो," ते म्हणाले. "बस आली बघ."

पेपर ऑपरेटिंग सिस्टिमचा होता. कर्नेलवर एक प्रश्न होता, पाच मार्कांचा, व्याख्या आणि प्रकार. नंबरांवर काही नव्हतं. मी लिहिलं ते बरोबर असावं, पण लिहिताना माझं लक्ष खिशातल्या बंद फोनकडे होतं, आणि फोन तर गेटवर जमा केला होता. बाहेर आल्यावर चालू केला. काहीच आलेलं नव्हतं. काकांना लावला, उचलला नाही. आवकीत ते फोन खुंटीला टांगून ठेवतात. भाच्याला लावला, तो बिझी. खोलीवर गेलो, खिचडी टाकली. रूममेटने पेपर कसा गेला विचारलं तर मी म्हणालो, अजून कळलं नाही. तो म्हणाला, पेपर तू दिलास ना?

मध्येच त्या परदेशी माणसाचा मेल आला. बघितलं तर तो माझ्यासाठी नव्हता, एक आपोआप जाणारी सूचना होती: हा बदल जुन्या, लांब मुदतीच्या आवृत्तीतही घेतला जात आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे. तिच्यात ज्यांनी बदल तपासला त्यांची नावं असतात, त्यात माझंही होतं. एरवी मी ते रूममेटला दाखवलं असतं. मी लॅपटॉप मिटला.

संध्याकाळ होताना काकांचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज, कोणीतरी दोरी मागत होतं.

"जेवलास?"

"काका, काय झालं?"

"पेपर कसा गेला?"

"बरा. काका, वजन?"

"सकाळी पोराने बंद-चालू केलं. शेठ उभेच होते. पहिला गाडा चढवला, आकडा पडद्यावर आला. हाताएवढा. त्या कोपऱ्यातून पण वाचता येतो."

"आणि शेठ?"

"शेठ काय. दिवसभर मीच पुकारलं. आता जाताना म्हणाले, भाऊ, सोमवारी वेळेवर या, भाच्याला मी रावेरच्या शेडला पाठवतोय."